कानावरची खूण

शुक्रवारी रात्री बाराच्या ठोक्याला
गाणं बाहेर आलं.
कुणी पेढे वाटले नाहीत.
सकाळी कारखान्यात माझी पाळी होती, सालमन सोलायची.
दर दहा माशांमागे
हातमोजा न काढता, कोपराने
फोन उजळून पाहिला:
एकोणीस.
त्यातले सहा मीच.

कोपनहेगनहून मॅथिएसचा निरोप:
पहिल्या तीन सेकंदांत चेहरा दिसू दे.
हसरा असू दे.
शब्द पडद्यावर येऊ देत, ठळक, पिवळे.
दिवसातून दोनदा टाक. रविवारी थोडं रड,
रडलेलं चालतं.

माझं गाणं सुरू होतं अकरा सेकंदांच्या वाऱ्याने.
खिडकीच्या फटीतून शिरणारा, उत्तरेचा.
तीन रात्री जागून पकडलाय मी तो.
तीन सेकंदांत मी अजून
श्वासही घेतलेला नसतो.

कापला मग.
वारा कापला, पहिलं कडवं कापलं,
उरलं धृपदाचं शेपूट, पंधरा सेकंदांचं,
आणि त्यावर मी:
क्लाक्सविकच्या बंदरात, केस विंचरून;
बोटीच्या टोकावर, केस सोडून;
शेजाऱ्यांच्या नुकत्याच धुतलेल्या कुत्र्यासोबत.
आपलीच दवंडी, आपणच पिटायची,
आणि ऐकायला चिटपाखरू नाही.

आईने अंगठा दिला.
आईच्या तिन्ही बहिणींनी अंगठे दिले.
या बेटांवर आम्ही माणसं पन्नास-पंचावन्न हजार,
मेंढ्या त्याहून जास्त.
एका टोकाला कुणी शिंकलं
तर दुसऱ्या टोकाला औषध विचारतात,
तरी गाणं काही
बोगद्यापलीकडे जाईना.

नवव्या दिवशी कंटाळून डोंगर चढले.
हॉग्नीने फोन धरला, थंडीने त्याचा हात हलत होता.
दुसऱ्या ओळीला धुक्यातून एक मेंढी आली,
काळ्या तोंडाची, कुणाचीही भीड नसलेली,
आणि माझ्या मांडीवरचा शब्दांचा कागद
शांतपणे खाऊ लागली.
मी गात राहिले. थांबायचं कुठे ते सुचेना.

चार लाख.
सोमवारी चार लाख साठ हजार.
ब्राझीलमध्ये तिचं बारसं झालं.
सोलमध्ये कुणी तिच्या चघळण्यावर ताल बसवला,
वेगळ्याच गाण्याचा.
मॅथिएस म्हणाला, मेंढी परत आण.
मी म्हटलं, आणि गाणं?
तो म्हणाला, रान्वा, लोक आवाज बंद ठेवूनच बघतात.

गुरुवारी पेट्रोल पंपावर
साकारिस भेटला. हातात सॉसेज, मिशीला मोहरी.
म्हणाला, ती मेंढी माझी.
डाव्या कानाला दोन काप, उजव्याचं टोक उडवलेलं.
पाहताक्षणी ओळखली.
मला वाटलं, आता पैसे मागणार.
विचारलं, नाव काय तिचं?
नाव कशाला, म्हणाला, खूण असते की.

मग बराच वेळ खात राहिला.

पोरीने मला सबंध लावून दिलं, म्हणाला,
तू कापलेलं नाही, ते आख्खं.
आधी काहीच येईना, वाटलं यंत्र बिघडलं.
मग कळलं, वारा आहे.
उत्तरेचा, मी म्हटलं. जरा घाईनेच.
छे, म्हणाला, वायव्येचा.
उत्तरेचा अशी शिट्टी घालत नाही,
तो दार ढकलतो.
कागदात बोटं पुसली आणि गेला.
गाणं आवडलं की नाही, ते राहूनच गेलं.

मॅथिएसचे चार निरोप वाट पाहतायत.
घरी आले, कोट न काढताच
खिडकीशी गेले,
फटीला गाल लावून उभी राहिले.
वायव्येचाच.