चोवीस

आज कळप सोडायचा नाही, असं काल ठरलेलं.
तरी बिराप्पा मामांनी सवयीनं कुपाटी बाजूला केली
आणि परत लावली.
शेळ्या बघत राहिल्या त्यांच्याकडं,
पंगतीला बसवून वाढप्या निघून गेल्यासारख्या.

कलशेट्टी डॉक्टरीण मंगळवेढ्याहून स्कुटीवर आली.
मागं बर्फाचा डबा, नळ्या, चिकटपट्टी.
म्हणाली, नंबर सांगा.
नंबर कुठले? आमच्याकडं नावं.
मग पोराच्या वहीत मी दोन्ही लिहीत गेले.
एक, मुंडी. दोन, कबरी.
तीन, कबरीची लेक. तिला नाव पडलं नव्हतं अजून,
डॉक्टरीण खोळंबली म्हणून घाईत 'बाई' ठेवलं.

मान धरायचं काम माझं.
हनुवटीखाली तळवा, गुडघ्यांत अंग.
गळ्याच्या कडेला अंगठा दाबला की शीर वर येते.
सुई जाताना शेळी गप्प असते,
ओरडते सोडल्यावर,
आपल्यातल्या आपल्यात पोचल्यावर.
नळीत उतरतं ते लाल नसतं फारसं,
काळपट, आमच्या रानाच्या ढेकळासारखं.

पौषात तिघींनी गाभ टाकला होता.
कोण म्हणालं दृष्ट,
कोण म्हणालं बाभळीच्या शेंगा जास्त झाल्या,
कोण म्हणालं बिरोबाचं काहीतरी राहिलंय.
मी काहीच म्हणाले नाही.
ते उचलून बांधाला पुरलं मीच,
उघड्या हातांनी.
एकाला लव आली होती, ओली, कानाच्या टोकाला.
हात धुतले. राखेनं धुतले.
मग भाकरी थापल्या.

चौथ्या दिवशी दवाखान्यात तिनं मला दाखवलं.
पांढरी काच, तिच्यावर गुलाबी थेंब,
लग्नातल्या सरबताच्या रंगाचा.
काडीनं मिसळायचा, चार मिनिटं काच हलवत राहायची.
थेंब तसाच गुळगुळीत राहिला तर शेळी बरी.
दाणे धरले तर रोग.

आमच्या ज्वारीच्या मुलखात
दाणा धरला म्हणलं की माणसं हसतात.

अकराच्या थेंबानं दाणा धरला.
चौदाच्या. एकोणीसच्या.
ह्या त्याच तिघी, हे मला कळलंच होतं.
मग एकच्या थेंबानं.
मी म्हणाले, बाई, परत बघा, मुंडीनं कधी गाभ टाकला नाही,
पाण्यावर सगळ्यांच्या पुढं तीच जाते.
म्हणून तर तपासायचं, ती म्हणाली,
आणि नवी काडी घेतली.
परत तेच.

सिद्राम दलाल त्याच सांजेला आला.
सांगोल्याच्या बाजारात रविवारी
कोण काच हलवत बसलंय, म्हणाला,
कानातला बिल्ला काढा, चौघींचे रोख देतो.
मामा कितीतरी वेळ तंबाखू मळत राहिले.
"ज्याच्या दावणीला जातील
त्याच्याबी घरात कोणीतरी उघड्या हातानं उचलंल."
माझ्याकडं बघून बोलले नाहीत ते,
पण मी पदर ओढून हात झाकले.

चौघी आता निंबाखाली, वेगळ्या.
पुढचं काय ते सोमवारी, चुन्याची पोती सांगून ठेवलीत.

निघताना डॉक्टरीण सहज विचारावं तसं विचारत होती,
संध्याकाळचा ताप येतो? घाम? कंबर धरते?
संक्रांतीपासून, म्हणाले, खुरपणीचा शीण असंल.
तिनं सिव्हिलची चिठ्ठी दिली.
मी वही उघडली.
तेविसाच्या खाली चोवीस लिहिलं,
आणि नावापाशी हात अडला.
ह्या घरात सून आहे, आई आहे, ए आहे.
मग लिहिलं, निलव्वा.
बारा वर्षांनी. नीट, रेघेवर.

उद्या सात वाजताची सोलापूर एसटी.
आता दूध चुलीवर आहे.
पोरगं पेला घेऊन उभं,
त्याला आचळाखालचंच गोड लागतं.
थांब, म्हणते, अजून एक उकळी.
कुपाटीपलीकडून मुंडी ओरडते,
अलीकडून कोणीतरी ओ देतं.
बहुतेक बाई.