पहिल्या पानावरचं प्रेत

ॲबर्डीनहून रात्रभराची बोट,
मग दोन छोट्या फेरीबोटी,
मधलं एक बेट नुसतंच ओलांडायचं.
शेवटच्या धक्क्यावर ओस्ला इंक्स्टर उभी होती
माझं पुस्तक छातीशी धरून,
ओळख पटावी म्हणून.
उतरणारी मी एकटीच होते.

"झाडं कुठे गेली?" गाडीत मी विचारलं.
"वाऱ्याला विचारा," ती म्हणाली
आणि काच वर केली.

तीन दिवस गुन्हेकथांचा उत्सव.
गावच्या हॉलमध्ये काळ्या कागदातून कातरलेले सुरे,
लोकरीनं विणलेली एक कवटी,
तिचे दात फारच प्रेमळ.
चाळीस खुर्च्या, बेचाळीस माणसं, एक कुत्रा.
मंचावर आम्ही पाच जण,
सगळ्यांचे मिळून एकशे सोळा खून.
बेटावरचा शेवटचा कधी झाला, कुणालाच आठवेना.
मॅग्नी हॅल्क्रो म्हणाला,
आज्याच्या काळात कुणीतरी कुणाचा तरी मेंढा मारला होता,
ती दोन घरं अजून बोलत नाहीत.

रात्र काही होईना.
जूनमध्ये इथे सूर्य जातो तो तोंड धुवायला, लगेच परत.
साडेबाराला खिडकीत राखेच्या रंगाचा उजेड.
माझं पोट अंधारावर चालतं.
इथे खुनी लपणार कुठे?
दाराला कुलूप नव्हतं;
मी खुर्ची लावून आडवी झाले,
मग खुर्ची बाजूला करून बाहेर पडले.

टिरिक म्हणतात इथे त्या पक्ष्यांना,
डोकं फोडायला आल्यासारखे झेपावले.
अंडी जवळपास असणार. मला दिसली नाहीत.
पुढे वळणावर, कुठल्याच घरापाशी नसलेला,
एक जुना फ्रिज.
आत केक, डब्यात सुटे पैसे,
आणि पाटी: तीन पौंड. वारा आहे, दार नीट लावा.
माझ्याजवळ फक्त कार्ड.
इकडेतिकडे पाहिलं. मेंढ्या.
लिंबाच्या केकचा तुकडा उभ्याउभ्या खाल्ला,
कागद खिशात कोंबला.
पुरावा मागे ठेवू नये, एवढं कळतं मला.
चोराच्या मनात चांदणं म्हणतात,
इथे तर बाहेरच लख्ख होतं.

शनिवारी प्रश्नोत्तरं.
कथा सुचते कशी, विषाला वेळ किती लागतो,
नवऱ्याला भीती नाही का वाटत.
मग तिसऱ्या रांगेतून रोडा इझबिस्टर उठली,
हात स्वेटरच्या खिशात.
"तुमची पुस्तकं मी वाचते. आवडतात.
प्रेत पहिल्याच पानावर सापडतं.
नशीबवान माणसं."

मी हसले. एकटीच.

"आमच्या ॲलिकची होडी सापडली," ती म्हणाली,
"आत जेवणाचा डबा. न उघडलेला.
सेहेचाळीस वर्षं झाली ऑक्टोबरात."
मॅग्नीनं हळूच विचारलं, "रोडा, प्रश्न काय आहे?"
"प्रश्न नाही," ती म्हणाली, आणि बसली.

नंतर सही घ्यायला आली.
कुणाच्या नावानं लिहू, मी विचारलं.
"रोडाच्या. आणि केकचे तीन पौंड."
माझे कान तापले. "कळलं कसं?"
"टिरिक ओरडले. पहाटे दोनला
लेखकांशिवाय कोण फिरतं इथे?"
ओस्लाकडून उसने घेऊन मी पैसे दिले.
तिनं मोजले, मग पिशवीतून
फॉइलमध्ये गुंडाळलेला अजून एक तुकडा काढला.
"हा वाटेसाठी. ह्याचे नाहीत."

परतीच्या बोटीवर नवं पुस्तक उघडलं.
पान पहिलं. पुळण, ओहोटी, एक माणूस पालथा.
संपादकाला महिनाभरापूर्वीच कबूल केलेला.
बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले.
मग त्याच्या कोटाच्या खिशात एक डबा ठेवला,
रिकामा,
तळाशी थोडा चुरा.

त्याला कुणी मारलं,
ते अजून ठरलेलं नाही.