मुलगा टॉनी

कॅम्पातल्या बस्त्यावच्या खानावळीचा फळा
मी रंगवायला घेतला त्या दुपारी
त्याच्या चिठ्ठीत, सगळ्यात वर, इंग्रजीत
एक लांबच्या लांब नाव होतं.
अक्षर अक्षर लावून खडूनं आखलं: मुलगाटॉनी.
म्हटलं, पोराचं नाव खाण्याच्या यादीत कशाला हो?
बस्त्यावला हसताना खोकला लागला.
“मला पोरगा कुठला, तीन पोरीच की!
सूप हाय ते, सूप.”

आतून आरोग्यम आला, पंचा खांद्यावर,
पलटणीच्या मेसमध्ये उभी हयात गेलेला,
मराठी बोलतो ते कन्नडाच्या चालीवर,
शिव्या तेवढ्या तमिळ.
म्हणाला, मिळगु म्हंजे मिरी. तण्णी म्हंजे पाणी.
आमच्या घरी तापाला देत्यात.
साहेबाला जेवणाआधी सूप पायजे,
आमच्यात जेवणाआधी नुसती भूक.
मग ह्याच पाण्यात कोंबडी घातली, डाळ घातली,
कुणीतरी सफरचंदसुद्धा,
आणि नाव त्याच्या तोंडात जाऊन
असं वाकडं होऊन बाहेर पडलं.

भांडी घासता घासता कल्लव्वा म्हणाली,
तण्णीरु? आमच्यात ते गार पाणी की रे, मुदुका!
इतकं तिखट, आणि नाव गार?
आरोग्यमनं पळी आपटली. उत्तर नव्हतं.

मी मात्र अडलो होतो मिळगुतल्या ळ वर.
साहेबाकडं ळ नव्हता.
मिळगुतला सांडला, तसाच
बेळगावातलाही सांडला,
आणि स्टेशनच्या जुन्या पाटीवर इंग्रजीत
कितीतरी वर्षं बेलगाम उभं होतं,
सुटलेल्या घोड्यागत.

वर कन्नड मोठं पाहिजे, हा नियम.
खाली मराठी किती, ह्यावर रोज नवी कटकट.
माझ्याच हातच्या पाट्या
मीच पुसल्यात, मजुरी दोन्ही वेळची घेऊन.
पण ळ तिकडंही आहे.
वळण निराळं. जीभ टाळूला लावून
मागं ओढायची, ती तशीच.

फळ्यावर मुलगाटॉनीच राहिला.
“असू दे, गिऱ्हाईक विचारतंय तरी,” बस्त्याव म्हणाला.
वाटीभर दिलं त्यानं. कानशिलं तापली.
डोळे पुसत मागच्या भिंतीवर ब्रश झाडला
आणि उरलेल्या पांढऱ्यात
एक ळ काढला, टपोरा,
दोन वाट्या शेजारी शेजारी ठेवल्यागत.

कल्लव्वा म्हणाली, अय्यो,
आता ही भिंत कोण पुसणार?