पाच ते नऊ

हुकूम साधा होता: संध्याकाळी पाच ते नऊ
राजवाड्यासमोरचं कारंजं चालू राहिलंच पाहिजे.
कारंजं दिसलं की गाव निवांत झोपतं,
असं कुणीतरी वरच्यांना पटवलं होतं.
मी पंपघरातला. परकार, राहणार दाभोळ,
अकरा वर्षं रास सुवैरला, व्हॉल्व्हच्या चाकाशी.

लढाईचं दुसरं वर्ष.
समुद्र गोड करणाऱ्या तीन यंत्रांपैकी दोन बंद.
सुटे भाग आणणारं जहाज पाणसुरुंगांच्या भीतीनं
आखाताच्या तोंडाशी नांगर टाकून बसलेलं.
नळ आधी दिवसाआड, मग चौथ्या दिवशी,
मग मुलं नळाला कान लावून बसायची
आणि आत नुसता वारा.

रेडिओवर रोज एक ठाणं जिंकलं जायचं.
रोज एक. तरी सरहद्द होती तिथंच.
आणि पहाटे, मासळीच्या बर्फगाडीतून,
कुणाकुणाची पोरं घरी येत होती.

पहिली आली उम्म खल्फान.
दोन मुलगे आघाडीवर, पत्र एकाचंच.
चेहऱ्यावरच्या बतूल्याची नीळ घामानं गालांवर उतरलेली,
हातात वीस लिटरचा रिकामा डबा.
ओरडली नाही. अंगठीनं डबा वाजवत राहिली,
टक्. टक्.
बंद दार वाजवावं तसा,
आत माणूस आहे हे पक्कं ठाऊक असताना.

दुसऱ्या दिवशी चाळीस डबे.
आठवड्यानं मी मोजणं सोडलं.
पंपाच्या घरघरीवरून ऐकू यायचं सगळं
आणि पंप माझ्या हातात होता.
खोटं कशाला बोलू,
रोज एक बाटली मीही भरून न्यायचो, सदऱ्याखाली.

मग त्या मंगळवारी भोंग्यातून हुकूम आला.
बंदुका वर झाल्या.
एक खाली राहिली.
मुबखूत, मिसरूडही धड न फुटलेला शिपाई,
ओठ भेगाळलेले.
हेल्मेट काढलं, कारंज्यात बुडवलं,
भरून तिच्यापुढे धरलं.
ती म्हणाली, आधी तू पी.

आमच्याकडे एखाद्याला हरवलं की म्हणतात, पाणी पाजलं.
त्या संध्याकाळी कुणी कुणाला पाजलं
हे मला अजून नीट लावता येत नाही.

पुढचं सगळेच सांगतात:
पाच पिढ्यांचं तख्त, गच्चीवरचं हेलिकॉप्टर,
जेवणाच्या मेजावर अर्धी सोललेली डाळिंबं.
मी काही पाहिलं नाही. मी खाली होतो.
सात वाजून दहा मिनिटांनी चाक फिरवलं,
कारंजं हळूहळू गुडघ्यांवर आलं, मग बसलं.
उरलेलं पाणी गावाकडे सोडलं.
शौर्यबिर्य नाही.
टाकीत दोनच वीत होतं,
पंप कोरडा चालला असता तर जळला असता.

नोंदवहीत लिहिलं: दाब, पातळी, वेळ.
राजा गेला हे लिहायला
त्या वहीत रकाना नव्हता.

तीन दिवसांनी फोन लागला.
बायको म्हणाली, तिकडे आता राजा कोण?
म्हटलं, नक्की नाही. पाणी दिवसाआड येतं.
थोडा वेळ नुसती खरखर.
मग ती म्हणाली,
म्हणजे इथल्यासारखंच.