दाब

काळाचौकीच्या क्लबात
राणी कोपऱ्याला होती म्हणे.
मला तिथला कोपराच दिसला नाही.
अंधारसुद्धा नव्हता तिथे.

डॉक्टर तांडेल विचारत गेल्या :
थेंब किती दिवस चुकले?
घरात कुणाला होता?
साखर?
इतक्या उशिरा का आलात?

दुखत नव्हतं हो.

धाकटी शालन, तिचा दाब माझ्याहून चढा,
पण लालबागचा रस्ता अजून एकटी ओलांडते;
रात्री नऊला गजर, मान मागे, एकेक थेंब.
माझी बाटली संपली
की पगारापर्यंत संपलेलीच.

आज पुन्हा यंत्रात डोकं घातलं.
ठिपका दिसला की बटण दाबायचं.
बराच वेळ काही येईना,
तेव्हा दोनदा
अंदाजानंच दाबलं,
शेवटची सोंगटी मारावी तसं.

यंत्रानं तेही
टिपून ठेवलं.