इच्छापत्रं

दर शुक्रवारी तळलेला मासा, आणि माशाबरोबर
कर्नल ट्वाइट ते युद्ध पुन्हा लढतात.
डुलुथच्या माजी सैनिकांचा हॉल,
मिठाची डबी म्हणजे टेकडी,
काटे-चमचे म्हणजे पलटणी,
सरोवरावरचं धुकं काचेला नाक लावून ऐकतं.
"मैदानात आपण हरलो नाही," ते म्हणतात,
"कमी पडली ती वॉशिंग्टनची राजकीय इच्छाशक्ती."

माना डोलतात.
माझीही डोलत आली इतकी वर्षं.
अंगण वाकडं निघालं की
नाचणाऱ्यांना रात्री झोप लागते.

मी वाइनो कॉर्पेला, कोठाराचा कारकून.
बूट, ब्लेडं, हेलिकॉप्टरचं तेल, पीचचे डबे,
त्या लांब चेनच्या हिरव्या पिशव्या,
सगळ्याला रकाना होता.
इच्छाशक्तीची मागणी एकाही तुकडीनं नोंदवली नाही.
तुटवडा असता तर
पहिल्यांदा मला कळला असता.

गोदामामागे एक बाई रिकामे डबे वेचायची.
त्यांचं पुढे काय व्हायचं
ते आमच्या ट्रकांना रस्त्यात कळायचं.
कर्नलच्या युद्धात ती नाही.
तिच्या गावातलं कुणीच नाही.
त्यात आम्ही लढलो, हरवलं आम्हीच आम्हाला,
आणि समोर जणू
नुसतं गवत होतं.

त्याआधी तीन महिने टॅकोमाच्या तळावर
माझ्याकडे एकच फॉर्म होता: इच्छापत्र.
विमानात चढण्याआधी भरायचं, तीन प्रतींत,
साक्षीदार म्हणून सही माझी.
डेल्बर्ट स्कोगलंड, वय एकोणीस:
"मोटारसायकल धाकट्या भावाला.
आधी ब्रेक बघून घे म्हणावं."
एकानं विचारलं, माझं असं काहीच नाही,
तरी सही करू?
मी म्हणालो, कर.
मागे रांग होती.

इच्छा कमी होती, कर्नल?
कपाटाचे खण बंद होत नव्हते.
गुडघ्यानं रेटून लावायचो मी.

हे मी बोललो नाही.
डेल्बर्टचा भाऊ पलीकडच्या टेबलावर होता,
तोही मान डोलवत होता,
आणि त्याच्याजवळ दुसरं काय आहे?

माझा मासा गार झाला होता.
मी मीठ मागितलं.
कर्नलनी बोलता बोलता
टेकडी उचलून माझ्या हातात दिली.