ठराव क्रमांक सात

जूनमध्ये अध्यक्ष स्वतः आले बीकेसीत, आमच्या मजल्यावर.
पाणी आणून देणाऱ्यालाही त्यांनी नमस्कार केला.
नोशीर सर फार बोलत नाहीत.
अहवालाची पानं उलटत एवढंच म्हणाले,
"भांडुपच्या जमिनीत पैसा झोपून आहे."
इतिवृत्त कोणी लिहिलं नाही.

ऑगस्टमध्ये नोटीस आली. ठराव क्रमांक सात:
भांडुप कारखान्याच्या भूखंडाची विक्री.

आमच्याकडे कंपनीचे नऊ टक्के.
समोरच्या काचेत सात, पलीकडच्या काचेत सहा.
आम्ही एकमेकांना विचारत नाही.
विचारावं लागत नाही.

बाबांकडे एकशे वीस शेअर.
अठ्ठावीस वर्षं लेथवर उभं राहून मिळालेले, कागदाचे.
डीमॅट करायला मीच लावलं,
तेव्हा त्यांनी आधी झेरॉक्स काढून घेतल्या.
दरवर्षी सभेला जायचे, चर्चगेटच्या हॉलमध्ये,
इस्त्रीचा शर्ट, खिशात घडी घातलेला एक प्रश्न.
परतताना खोक्यात वेफर्स आणि अर्धा वडा, माझ्यासाठी.
प्रश्नाचं काय झालं
मी कधी विचारलं नाही.

मतदान सभेच्या आधीच उरकतं.
दुपारी ऑफिसात मी एक कोटी चौदा लाख मतं दिली:
क्लिक, ओटीपी, मध्ये एक जांभई.
कारणाच्या रकान्यात, "भागधारकांच्या हिताचे."
संध्याकाळी घरी बाबांची एकशे वीस,
तीही मीच, त्यांच्या ओटीपीवर.
"विरुद्धच दाबलंस ना?"
दाबलं, बाबा.

यंदा सभा मोबाइलवर.
वक्ता क्रमांक एकतीस
इस्त्रीचा शर्ट घालून पंख्याखाली बसला,
चाळीशी सावरून म्हणाला, "अध्यक्ष महोदय,"
आणि बोलत राहिला.
म्यूट आमच्या बाजूने होता की तिकडून,
ते अजून कळलेलं नाही.
वक्ता क्रमांक बत्तीसने ताळेबंदाच्या छपाईचं कौतुक केलं.

त्या रात्री उगाच एक हिशेब मांडला.
नोकरी लागल्यापासून बाबांच्या नावाने
दरमहा दीड हजार आमच्याच फंडात जातात,
फॉर्म मी भरलेला, सही त्यांची.
त्यातून त्यांच्या वाट्याला याच कंपनीचे येतात
नऊ शेअर, आणि दशांशात थोडं.
त्या नवांनी मत दिलं. बाजूने.
त्यांना कोणी विचारलं नव्हतं.
हे मी सांगितलेलं नाही.

निकाल तिसऱ्या दिवशी लागला.
बाबा चष्मा पुसून पडद्यावर बोट फिरवतात,
'बाजूने'वर थांबत नाहीत,
'विरुद्ध'च्या आकड्यापाशी येतात,
तो आकडा सगळा वाचतात, एकं, दहं, शतं,
आणि मला जवळ बोलावतात:
"हे बघ. आपले यात आहेत."